घराची गुणपत्रिका

मिरजोळ्यात आणि आसपासच्या वाड्यांत जुनी कौलारू घरं उतरवून स्लॅबचे बंगले उठत आहेत. पैसा बहुधा आखातातला. नकाशात दर्शनी काच, सरकत्या खिडक्या आणि खोलीखोलीत एसी. गंमत अशी, की ज्या अबुधाबीत आपली मुलं राबतात, तिथे २०१० पासून ‘इस्तिदामा’ ही पद्धत लागू आहे. नव्या इमारतीला किमान एक ‘मोती’ मिळवावाच लागतो, सरकारी खर्चाच्या इमारतीला दोन. पाणी, वीज, बांधकामाचं सामान यांचा हिशेब पाहून हे मोती देतात. इस्तिदामा म्हणजे टिकून राहणं; आपल्या उर्दूतल्या ‘दाइम’चाच भाऊबंद.

आपल्या देशातही अशी गुणपत्रिका आहे. ‘टेरी’ ही दिल्लीची संस्था आणि केंद्राचं नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून ‘गृह’ ही मानांकन पद्धत आणली. एक ते पाच तारे मिळतात. मातीची राखण, पाण्याची बचत, विजेचा वापर, मजुरांची सोय, कचऱ्याची विल्हेवाट, अशा प्रत्येक बाबीला गुण. तपासणारे बांधकाम चालू असताना जागेवर येऊन पाहतात. पिंपरी-चिंचवड महापालिका हे तारे पाहून मालमत्ता करात सवलत देते. २,५०० चौरस मीटरच्या आतल्या बांधकामांसाठी ‘स्वगृह’ नावाची सोपी आवृत्ती आहे.

मास्तर म्हणून मला यात एक खोट दिसते. विद्यार्थी सोपे प्रश्न सोडवून पास होतो, तसं बिल्डरलाही एका बाबीतले गेलेले गुण दुसरीकडे भरून काढता येतात. काचेचा मनोरा उभारायचा आणि वर सोलर लावून तारा मिळवायचा! म्हणून दाखल्यापेक्षा त्यामागचे प्रश्न महत्त्वाचे. घर बांधणारा परदेशात असतो. मे महिन्याचा उकाडा आणि विजेचं बिल सोसायला घरात अम्मी, सून आणि मुलं असतात.

खिडक्यांचंच घ्या. केंद्राने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ काढली, मोठ्या निवासी प्रकल्पांसाठी. दमट-उष्ण हवामानात, म्हणजे आपल्याकडे, उघडणारा भाग चटई क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावा असं ती सांगते. ६०० चौरस फुटांच्या घराला १०० चौरस फूट. दोन झडपांची सरकती खिडकी जेमतेम अर्धीच उघडते, त्यामुळे कागदावर शंभर दिसले तरी वारा पन्नासातूनच येतो. जुनी बिजागरीची खिडकी सताड उघडायची. हा फरक सुताराशी बोलताना लक्षात ठेवावा.

जांभ्याचा चिरा जवळच्या खाणीतून येतो, त्याला भट्टी लागत नाही, घर उतरवलं तरी तो पुन्हा वापरता येतो. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. मात्र कौलं दरवर्षी चाळावी लागतात, माकडं ती फोडतात, वासे कुजतात. घरात वयस्कर माणसंच उरली तर हे कोण करणार? स्लॅब घालायचा तर घाला, पण भिंती चिऱ्याच्या ठेवा, पश्चिमेला पडवी सोडा आणि स्लॅबवर पत्र्याची किंवा कौलांची सावली करा.

आता पाणी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छतावरून दोन लाख लिटरांहून अधिक पाणी वाहून जातं, आणि मे महिन्यात आपण टँकरची वाट पाहतो. पन्हाळ, गाळणी आणि विहिरीकडे नेणारा पाइप एवढीच ही सामग्री.

इंग्लंडमध्ये केंब्रिजची मशीद २०१९ मध्ये उघडली. तिथे पावसाचं आणि सांडपाणी गाळून शौचालयाला व बागेला वापरतात. आपल्या मशिदींत वजूचं पाणी बहुतेक ठिकाणी थेट गटारात जातं. साबण नसलेलं पाणी ते. एक चर खणला तर नारळाच्या बुंध्याशी नेता येईल. पुढच्या जमातच्या बैठकीत हा विषय कुणीतरी काढायला हवा, आणि तोही छताची दुरुस्ती निघण्याआधी, कारण पन्हाळीचा उतार तेव्हाच ठरतो.