पाण्याचा राखणदार

सांगा पाहू, तुमच्या गावात एका रात्रीत लाखो पाहुणे मुक्कामाला आले, तर सगळ्यांत आधी कशाची सोय करावी लागेल? जेवणाची? अंथरुणाची? त्याच्याही आधी पाण्याची! आणि पाणी नुसतं भरपूर असून भागणार नाही. ते पिऊन एकाचंही पोट बिघडता कामा नये.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या मुलांना हे पाहुणे कोण ते लगेच कळलं असेल. वारकरी! तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते आणि बारामतीत मुक्काम करते. काटेवाडीला मेंढ्या पालखीभोवती धावतात, बेलवाडीला गोल रिंगणात अश्व दौडतात. मग निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. सराटीला नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घालतात आणि पालखी पुढे सोलापूर जिल्ह्यात जाते. वारीचा हा काळ जून-जुलैचा, म्हणजे पहिल्या पावसाचा. शेतातली, रस्त्यावरची, उकिरड्यावरची घाण धुऊन नव्या पाण्याबरोबर ओढ्यात, विहिरीत उतरते ती याच दिवसांत. माणसं जास्त आणि पाणी गढूळ, दोन्ही एकाच वेळी!

जुन्या काळी या जोडीचा फार धसका होता. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ यायची आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर गावोगाव पसरायची. ही साथ येते कुठून, हेच तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. पुष्कळ डॉक्टरांना वाटायचं, ती दूषित हवेतून येते.

मग १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांनी एक मोठं शोधकाम केलं. पटकीने कोण दगावलं, ते कुठे राहत होतं आणि पाणी कुठून आणत होतं, हे त्यांनी घरोघर विचारलं. दगावलेली बहुतेक माणसं एकाच हातपंपाचं पाणी पीत होती! म्हणजे पटकी हवेतून नाही, पाण्यातून येत होती. स्नोंच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख आपल्या देशात, कोलकात्यात होते. तिथल्या एका तळ्याच्या पाण्यात त्यांना पटकीचे जिवाणू सापडले. हे जिवाणू एवढे बारीक, की एका मिलिमीटरच्या अंतरात पाचशेच्या आसपास सहज ओळीने मावतील. डोळ्यांना दिसायचे कसे? म्हणून पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: नितळ दिसणारं पाणी शुद्ध असेलच असं नाही.

आता जरा पाण्याच्या वाटेने जाऊ या. बारामतीच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा प्रवास सुरू होतो लांब भोरच्या डोंगरांत. तिथला पाऊस भाटघरसारख्या धरणांत साठतो, नीरा नदीतून वीर धरणात येतो आणि तिथून नीरा डाव्या कालव्यात शिरतो. हा कालवा इंग्रजांच्या काळात, १८८५ च्या सुमारास सुरू झाला. कालव्याला पाणी कायम नसतं, ते आवर्तनाने सुटतं. आवर्तन बंद असतं तेव्हा शहर साठवण तलावातल्या पाण्यावर राहतं. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला मात्र भीमेवरच्या उजनी धरणाचा अफाट फुगवटा आहे. उजनी भरलं की त्यात ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी असतं, आणि पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ बाहेर येतं. याच भीमेला वरच्या अंगाला मुळा-मुठा मिळते आणि पुण्या-पिंपरीकडचं सांडपाणीही घेऊन येते. म्हणजे कालव्याचं असो की उजनीचं, पाणी थेट पेल्यात घेण्याजोगं नसतं. ते आधी शुद्धीकरण केंद्रात जातं.

तिथली पहिली गंमत तुम्ही घरीच करून बघा. दोन पेल्यांत गढूळ पाणी घ्या. एकात तुरटीचा खडा थोडा वेळ फिरवा, दुसरा तसाच ठेवा. अर्ध्या-एक तासाने तुरटीच्या पेल्यात गाळ तळाला बसलेला दिसेल. असं का होतं? मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच भार, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतल्या अॅल्युमिनियममुळे हा भार नाहीसा होतो. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन खाली बसतात. पण ते पाणी पिऊ नका हं! गाळ बसला तरी सगळे जंतू गेलेले नसतात.

केंद्रात गाळ बसल्यावर पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी त्यात क्लोरिन सोडतात. गावच्या विहिरीत किंवा टाकीत टाकतात ती टीसीएल पावडरही क्लोरिनचीच. क्लोरिन जंतूंना मारतो, त्यासाठी त्याला निदान अर्धा तास द्यावा लागतो. पण खरी शहाणपणाची गोष्ट पुढेच आहे. जंतू मारून झाल्यावरही थोडा क्लोरिन पाण्यात मुद्दाम शिल्लक ठेवतात. का बरं? केंद्रापासून तुमच्या नळापर्यंत मैलोन् मैल पाइप असतात. वाटेत एखादा जंतू शिरलाच, तर त्याला गाठायला कुणीतरी हवं ना! उभ्या पिकात राखणदार असतो, तसा हा पाण्यातला राखणदार. तो किती लागतो? एका लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत चिमूटभर मिठाहूनही कमी!

एवढासा राखणदार जागेवर आहे की नाही, हे ओळखण्यासाठी ओटी टेस्ट करतात. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक किंवा आरोग्य कर्मचारी छोट्या नळीत नळाचं पाणी घेतो आणि त्यात ओटीच्या द्रावणाचे थेंब टाकतो. पाणी पिवळं झालं, तर राखणदार आहे. तसंच राहिलं, तर नाही! पालखीच्या दिवसांत वाटेवरच्या विहिरी आणि टँकर भरायच्या जागा अशाच तपासून घेतात आणि टीसीएल टाकतात. गावाच्या पाण्याची व्यवस्था वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर पाहिली जाते. त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. तुमच्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे, विचारलंत का कधी?

जंतू पकडणारी आणखी एक भन्नाट बाटली आहे, आणि ती आपल्याच देशातली आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये तिची माहिती जगापुढे मांडली. बाटलीत औषध लावलेला कागद असतो. पाणी भरून ती दिवस-दोन दिवस उबेला ठेवायची. पाण्यात मैला मिसळला असेल, तर आतड्यात राहणाऱ्या काही जिवाणूंमुळे सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू तयार होतो. कागदावरच्या लोहाशी तो मिळाला, की सगळं पाणी काळंकुट्ट! न दिसणारा जंतू असा स्वतःच चुगली करतो. काळं झालेलं पाणी मात्र तपासणाऱ्या माणसाच्याच हाती द्यायचं.

मग टीडीएस मोजणारं पेन काय सांगतं? ते फक्त विरघळलेले क्षार मोजतं. आपल्याकडे बोअरचं पाणी पुष्कळदा मचूळ असतं. साबणाला फेस येत नाही आणि गीझरमध्ये पांढरे थर जमतात ते या क्षारांमुळे. आपल्या देशाच्या मानकानुसार टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावा. पण पेनावरचा आकडा छान आला, तरी पाण्यात जंतू असू शकतात. तसंच थंडगार जारच्या पाण्याचं. गारव्याने जंतू मरत नाहीत. उकळल्याने मरतात, पण क्षार आणि खतांमधून उतरलेलं नायट्रेट उकळूनही जात नाही. म्हणून पिण्याच्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावंच लागतं.

आता पाणी तुमच्या घरात आलं. इथे एक गोम आहे. साठवलेल्या पाण्यातला क्लोरिन हळूहळू उडून जातो, उन्हात तर भराभर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माठातला राखणदार निघून गेलेला असतो, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी न धुतलेला हात तांब्यासकट माठात बुडवतो! म्हणून घरच्यांना एवढं सांगा. माठावर झाकण हवं. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं किंवा माठाला तोटी हवी. गच्चीवरची टाकी घासून धुवायची आणि तिचं झाकण घट्ट लावायचं, म्हणजे डासांनाही अंडी घालायला जागा उरत नाही. नळाला थेट मोटर लावायची नाही. पाइप कुठे फुटका असेल, तर मोटर शेजारच्या गटारातलं पाणीसुद्धा आत ओढते. नळ आल्यावर सुरुवातीचं पाणी झाडांना घालायचं. पाण्याला वास आला, रंग दिसला, की खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळायचं आणि झाकून गार करायचं.

आणि ही एक गोष्ट कधीही करायची नाही: टीसीएल किंवा ब्लीचिंग पावडर संडास धुण्याच्या अॅसिडमध्ये मिसळायची नाही. त्यातून क्लोरिनचा विषारी वायू निघतो. जो पाण्यात कणभर असताना आपल्याला वाचवतो, तोच हवेत कोंडला की छाती जाळतो. ही पावडर लहान भावंडांचा हात पोचणार नाही अशा कोरड्या जागी ठेवायला सांगा.

पुढच्या आषाढात पालखी तुमच्या गावावरून जाईल आणि तुम्हीही वारकऱ्यांना पाणी द्यायला उभे राहाल. त्याआधी शिक्षकांना घेऊन जलसुरक्षकांकडे जा आणि शाळेच्या टाकीची ओटी टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा. पिवळा रंग आला, तर बिनधास्त पाणी वाटा. नाही आला, तर टाकीत टीसीएल टाकायला लावा आणि अर्ध्या तासाने पुन्हा टेस्ट करायला सांगा. ओटीच्या नळीत पिवळा रंग यायलाच हवा, असा आग्रह धरायला वयाची अट नाही.