सोयाबीन पिकवतो आपण, मग खायला का भितो?

सुनेला सातवा महिना लागलेला. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले, हिमोग्लोबिन निघाले साडेआठ. आशाताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. अंडी, डाळ, पालेभाजी खायला सांगितली आणि आठवड्यातून दोन-तीनदा सोयाबीनच्या वड्यांची भाजी करा, असेही सांगितले. नवऱ्याने संध्याकाळी येताना किराणा दुकानातून वड्यांची पुडी आणली. सासूबाईंनी ती उचलून वरच्या फळीवर ठेवून दिली.

"ताई, सोयाबीन लई गरम असतं. पोटातल्या लेकराला बाधतं. आमच्या शेजारणीनं सांगितलं."

या सासूबाई सुनेचे वाईट चिंतणाऱ्या नव्हेत. नातवंडाच्या काळजीनेच त्यांनी पुडी वर ठेवली. पण त्या काळजीपायी, जिच्या अंगात रक्त नाही तिच्या ताटातला एक चांगला घास कमी झाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे ही एका घरची गोष्ट नव्हे. म्हणूनच सोयाबीनविषयी वस्तीवस्तीत जे बोलले जाते, त्यातले खरे किती आणि खोटे किती, हे आज बघू या.

ढोरा-कोंबड्यांचे खाद्य?

विदर्भ-मराठवाड्यात आपल्यापैकी कितीतरी जणी सोयाबीनच्या सोंगणीला जातात. पोती भरली जातात, बाजार समितीत जातात आणि घरात पायलीभरही दाणा राहत नाही. तेल निघते, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते. त्यावरून समज झाला की, हे माणसाने खायचे धान्यच नव्हे.

कोंबडीला पेंड घालतात ती तिच्या अंगी लवकर मांस धरावे म्हणून, कारण त्यात प्रथिने भरपूर असतात. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रथिने, तर सोयाबीनच्या दाण्यात ३६ ते ४० ग्रॅम. तेल काढलेल्या पिठाच्या वड्यांत तर कोरड्या वजनाच्या निम्मी प्रथिनेच असतात. मूठभर, म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम कोरड्या वड्यांत दोन अंड्यांइतकी प्रथिने मिळतात. चीन-जपानात माणसे शेकडो वर्षे सोयाबीन खात आली आहेत. वड्या प्लास्टिकच्या किंवा मैद्याच्या असतात, हेही खोटे. तेल काढलेले सोयाबीनचे पीठ उष्णता आणि दाब देऊन यंत्रातून काढले की ते असे फुगते.

गर्भाला बाधते?

शिजवलेले सोयाबीन बेताने खाल्ल्याने पोटातल्या बाळाला अपाय होतो, असे वैद्यकशास्त्रात आढळलेले नाही. जपानातल्या गरोदर बायका सोयाबीनचे पदार्थ रोजच्या जेवणात खातात. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सोयाबीनमध्ये लोह असले तरी ते अंगी सहज लागत नाही. म्हणून भाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर तासभर चहा घेऊ नये. लोहाच्या गोळ्यांची जागा सोयाबीन घेऊ शकत नाही. गोळ्या चालूच ठेवायच्या.

मुलगा बायकी होतो?

पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी आपली पोरे हल्ली मोबाईलवर ऐकतात की, सोयाबीनने पुरुषत्व कमी होते, छाती वाढते. मग आईने केलेली भाजी तशीच राहते आणि महागड्या पावडरीच्या डब्यासाठी घरात हट्ट सुरू होतो.

या भीतीचे मूळ असे. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाची द्रव्ये असतात. त्यांची घडण स्त्रियांच्या इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखी दिसते. पण सारखे दिसणे वेगळे आणि सारखे काम करणे वेगळे. दुसऱ्याच कुलपाची किल्ली जशी आत शिरते पण जेमतेम फिरते, तसे हे आहे. पुरुषांवर झालेल्या अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये मांडला गेला. पुरुषी संप्रेरक कमी झाल्याचे दोन्ही वेळा दिसले नाही.

एक उदाहरण मात्र सगळीकडे सांगितले जाते. अमेरिकेतल्या साठ वर्षांच्या एका गृहस्थाची छाती वाढल्याची नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तो गृहस्थ दररोज जवळजवळ तीन लिटर सोयाबीनचे दूध पीत होता. ते बंद केल्यावर त्रास गेला. तीन लिटर रोज! वाटीभर भाजी खाणाऱ्या आपल्या मुलाने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

स्तनाचा कर्करोग होतो?

ही भीती बायकांत फार आहे, आणि ज्या घरात हा आजार येऊन गेला तिथे ती असणारच. चीनमधल्या शांघाय शहरात स्तनाचा कर्करोग झालेल्या पाच हजारांवर स्त्रियांची काही वर्षे पाहणी केली गेली. २००९ मध्ये निष्कर्ष आले. सोयाबीनचे पदार्थ जास्त खाणाऱ्या स्त्रियांत आजार उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. याचा अर्थ सोयाबीन हे कर्करोगाचे औषध आहे, असा नव्हे. पण जेवणातल्या सोयाबीनने हा आजार होतो, हे म्हणणे टिकत नाही. सोयाबीनच्या अर्काच्या गोळ्या बाजारात मिळतात, त्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

मग जपायचे कोणी?

खोटी भीती नको, तशी आंधळी भक्तीही नको. या गोष्टी खऱ्या आहेत :

थायरॉईडची गोळी चालू असेल तर सोयाबीनमुळे ती अंगी कमी लागते. सोयाबीन सोडायचे नाही, पण गोळी आणि सोयाबीन यांत चार तासांचे अंतर ठेवायचे. जेवणात आयोडीनयुक्त मीठच वापरायचे.

ज्यांच्या मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी प्रथिने किती खायची हे डॉक्टरांनाच विचारावे.

काहींना सोयाबीनची ॲलर्जी असते. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला तर पुन्हा खाऊ नये आणि दवाखाना गाठावा.

तान्ह्या बाळाला आईच्या दुधाऐवजी सोयाबीनचे दूध देऊ नये. पहिले सहा महिने फक्त आईचेच दूध.

कच्चे सोयाबीन कधीच खाऊ नये. कच्च्या दाण्यात प्रथिने पचू न देणारे द्रव्य असते. चांगले शिजवले की त्याचा जोर जातो. पोटात गुबारा धरतो तो दाण्यातल्या न पचणाऱ्या साखरेमुळे. रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिले की हा त्रास कमी होतो.

साखरेचा आजार बरा होतो, हृदयविकार पळतो, असेही सांगणारे आहेत. त्यांच्याही नादी लागू नये. कोलेस्टेरॉल थोडे उतरते, एवढेच.

मटण-अंडी सोडा असे नव्हे

मटण, मासळी, अंडी सोडून सोयाबीन खा, असे आम्ही सांगत नाही. परवडेल तेव्हा ती खावीच. रक्ताला लागणारे बी-१२ जीवनसत्त्व त्यांतून मिळते, सोयाबीनमध्ये ते नाही. परंतु महाराष्ट्रात २०१५ मध्ये कायद्यातील दुरुस्तीने बैलाच्या मांसावरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातले एक स्वस्त प्रथिन गेले. मटणाचा भाव आपल्या मजुरीला झेपत नाही. डाळही मोजून शिजते. अशा वेळी कमी पैशात पोराबाळांच्या अंगाला लागेल असे जे आहे, ते ऐकीव गोष्टींवरून दूर लोटणे आपल्याला परवडणारे नाही. कोणी सांगितले म्हणून न मानता स्वतः पारखून घ्यावे, ही तर आपली शिकवणच आहे.

त्या सासूबाईंना आशाताईंनी एवढेच विचारले, "आई, तुम्ही इतकी वर्षं सोंगणीला जाता. दाणा एवढा वाईट असता, तर लोक पैसे मोजून नेले असते का?" सासूबाई हसल्या. पुडी फळीवरून खाली आली. त्या दिवशी भाजी त्यांनी स्वतःच केली, आणि पहिली वाटी सुनेला वाढली.

करून पाहा

वड्यांचा रस्सा : वड्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवाव्यात. गार पाण्याने दोनदा धुऊन घट्ट पिळाव्यात, म्हणजे उग्र वास जातो. कांदा, सुके खोबरे भाजून वाटावे. तेलात लसूण, वाटण, तिखट, हळद परतून वड्या टाकाव्यात, पाणी घालून रटरटू द्यावे. वाढताना लिंबू पिळावे.

कणकेसाठी : सोयाबीन उकळत्या पाण्यात वीसेक मिनिटे उकळून, निथळून कडक उन्हात वाळवावे. नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन घालून दळून आणावे. पोळीची चव बदलत नाही, मुलांना कळतसुद्धा नाही.