चलनाचा नंबर परत मागताना

नव्वदच्या दशकात वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांना चलन-बिलांचे प्रोग्रॅम लिहून देताना नंबराची डोकेदुखी नव्हतीच. फॉक्सप्रो, एक कॉम्प्युटर, एक कारकून. टेबलातला सगळ्यात मोठा नंबर शोधायचा, त्यात एक मिळवायचा, झालं. मग नेटवर्क आलं. डिस्पॅच आणि स्टोअर्स, दोघांनीही एकदमच ‘सेव्ह’ दाबलं की दोघांनाही मोठा नंबर ४१२ दिसायचा आणि दोघंही ४१३ घेऊन मोकळे.

ओरॅकलवाल्यांकडे सिक्वेन्स होता : नेक्स्टव्हॅल मागून नंबर आधी हातात घ्या, मग नोंद करा. एसक्यूएल सर्व्हरवर उलटं. नोंद आधी, नंबर डेटाबेस देणार, आणि तो आपण मागून विचारायचा. विचारण्यातच खरी गोम होती. ‘ॲट-ॲट-आयडेंटिटी’ त्या कनेक्शनवरचा शेवटचा नंबर सांगते, मग तो कुठल्याही टेबलाचा असो. कोणी चलनाच्या टेबलावर ऑडिटचा ट्रिगर बसवला की चलन पडायचं ४१३ आणि परत यायचा ऑडिटचा १९०७. मालाच्या ओळी १९०७ला चिकटायच्या. फॉरेन की नसेल तर कुरकुर नाही, एरर नाही. छापलेलं चलन तेवढं कोरं. २०००च्या आवृत्तीत स्कोप-आयडेंटिटी आली, तेव्हा हा घोळ मिटला.

पोस्टग्रेसनं २००६मध्ये, ८.२ आवृत्तीत, ‘रिटर्निंग’ दिलं : नोंद आणि नंबर एकाच वाक्यात. माझ्या मते सरळ मार्ग तोच. बाकी सगळे वळसे. एसक्यूलाइटला तो २०२१मध्ये सुचला, असो.

नंबर बिनचूक परत येऊ लागला, तरी भांडण संपलं नाही. व्यवहार रोलबॅक झाला तरी सिक्वेन्स मागे येत नाही. एसक्यूएल सर्व्हर २०१२ तर अचानक बंद पडून सुरू झाला की आयडेंटिटी थेट हजारानं उडी घ्यायची. २०१७च्या जीएसटी नियम ४६ला मात्र बिलाचा अनुक्रमांक सलग हवा, वर्षभरात एकमेव, सोळा अक्षरांच्या आत. ‘वच्चेनुं बिल क्यां गयुं?’ या सीएंच्या प्रश्नाला ‘रोलबॅक’ हे उत्तर चालत नाही.

म्हणून आता आयडी वेगळा, बिल नंबर वेगळा. बिलासाठी एका ओळीचं टेबल, त्याच व्यवहारात कुलूप लावून वाढवायचं. व्यवहार फसला तर आकडाही मागे. दुसऱ्याला क्षणभर थांबावं लागतं, पण कारखान्याच्या बिलांना तेवढं परवडतं. १ एप्रिलला ती ओळ पुन्हा एकपासून. आयडी आपला पुढे चालूच.