गुडघा वाचवणारी माणसं

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत पहाटे पाचला भंडारा रोडवर उभं राहिलं तर दूधवाल्यांच्या आधी भरतीची पोरं दिसतात. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८००. रोवणी आटोपली की त्यांची संख्या वाढते, धानकापणीत घटते, आणि भरतीची जाहिरात निघाली की रस्ता एकदम भरून जातो. डांबरी रस्ता, बाजारातले पातळ तळव्याचे बूट, काहीजण तर अनवाणीच. पहिल्या दिवसापासून पूर्ण अंतर, पूर्ण वेग. तीनेक आठवड्यांनी त्यातली काही दिसेनाशी होतात. विचारलं तर उत्तर येतं, "नडगी दुखते." घरचे तेल चोळून देतात, कोणी गरम विटेचा शेक द्यायला सांगतो, आणि चार दिवसांनी पोरगं पुन्हा रस्त्यावर येतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच हे का होतं, याला कारण आहे. हाड हे जिवंत ऊतक आहे. त्याच्यावर नवा भार पडला की ते स्वतःला नव्याने बांधायला घेतं, पण बांधण्याआधी जुना भाग काढून टाकतं. काढण्याचं काम लवकर होतं, भरण्याचं सावकाश. या मधल्या काळात हाड पहिल्यापेक्षा कमजोर असतं, आणि आपली पोरं नेमकी तेव्हाच सगळ्यात जोरात धावत असतात. मग हाडाला बारीक तडा जातो. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने १८५५ मध्येच लांब कवायतीनंतर सैनिकांचे पाय सुजून दुखतात, अशी नोंद केली होती. क्ष-किरणांचा शोध तेव्हा लागायचा होता. त्याने केलं ते इतकंच की कोणाचा पाय कधी आणि कशानंतर दुखतो ते नीट पाहिलं आणि लिहून ठेवलं.

खेळातल्या दुखापतींच्या संशोधनाचं मूळ माझ्या मते याच लिहून ठेवण्यात आहे. आज विद्यापीठांतल्या हालचालींच्या प्रयोगशाळा म्हटलं की डोळ्यांपुढे कॅमेरे आणि संगणक येतात. पण त्यांच्यामागची माणसं पाहिली तर यंत्रापेक्षा त्यांची चिकाटी जास्त मोठी वाटते. शिवाय त्या माणसांच्या साखळीतलं शेवटचं माणूस प्रयोगशाळेत नसतंच, ते मैदानावर असतं. पवनीसारख्या गावाच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

आपल्याकडे मैदान आणि प्रयोगशाळा एकाच माणसात एकत्र आल्याचं उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, १८८३ साली डभोईला जन्मले. बडोद्याला राजरत्न माणिकरावांकडे ते देशी व्यायाम शिकले, माधवदासजींकडे योग शिकले आणि खानदेशात अंमळनेरला त्यांनी शिक्षकी केली. योगाने शरीरात काय घडतं याबद्दल तेव्हा दावे पुष्कळ होते, मोजमाप नव्हतं. गुण्यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी बडोद्याच्या दवाखान्यात क्ष-किरणांखाली उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया तपासायला घेतल्या. नौली चालू असताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली जातो, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं, म्हणजे तपासून पाहायचं आणि ते छापून सगळ्यांपुढे ठेवायचं. व्यायाम शिकवणारा माणूस स्वतःच तपासणारा झाला, याचं मला फार मोल वाटतं.

विदर्भात मैदानाची परंपरा त्याहून जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. भंडारा-गोंदियाकडची कबड्डी त्याच मातीतली. पण खेळ जितका पसरला, तितकी दुखापतींची नोंद काही पसरली नाही.

ही नोंद कशी करावी हे ऑस्लोतल्या एका गटाकडून शिकण्यासारखं आहे. नॉर्वेच्या क्रीडाशास्त्र विद्यापीठात २००० साली खेळातल्या दुखापतींवरचं संशोधन केंद्र सुरू झालं. त्यातली मुख्य माणसं वेगवेगळ्या विद्यांची होती. रोआल्ड बार हे डॉक्टर, लार्स एंगेब्रेट्सेन हे अस्थिशल्यविशारद, ग्रेथे मिक्लेबुस्ट या फिजिओथेरपिस्ट आणि ट्रॉन क्रॉसहॉग हे हालचालींचं यांत्रिकी गणित करणारे. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. नॉर्वेत मुली मोठ्या प्रमाणावर हँडबॉल खेळतात, आणि त्यातल्या अनेकींचे गुडघे ऐन उमेदीत जात होते. गुडघ्यातला एसीएल नावाचा दोर तुटत होता, तोही बहुतेक वेळा कोणाचा धक्का न लागता. मुलगी उडी मारून खाली येई किंवा हुलकावणी देऊन वळे, आणि तिथेच कोसळे.

क्रॉसहॉग आणि जपानी डॉक्टर हिदेयुकी कोगा यांनी सामन्यांच्या चित्रफितींतून प्रत्यक्ष दुखापतीचे दहा प्रसंग निवडले. प्रत्येक प्रसंग एकाहून अधिक कॅमेऱ्यांनी टिपलेला होता. संगणकावर हाडांचा सांगाडा घेऊन तो त्या चित्रांवर एकेका चौकटीत बसवत न्यायचा, हे काम डोळे शिणवणारं होतं. त्यातून दिसलं ते असं : पाय जमिनीला टेकल्यावर सुमारे ४० मिलिसेकंदांत गुडघा आत झुकतो, नडगीचं हाड फिरतं आणि दोर तुटतो. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे पाय टेकल्यावर खेळाडूने स्वतःला सावरायचं म्हटलं तरी वेळच उरत नाही. गुडघा वाचवायचा तर पाय टेकण्याआधीची सवयच बदलायला हवी, आणि सवय महिनोन्महिन्यांच्या सरावानेच बदलते.

हे समजायला लागणारी प्रयोगशाळा मी थोडक्यात सांगते. एक मोठी रिकामी खोली असते, भिंतींवर सगळीकडून कॅमेरे आणि जमिनीत बसवलेल्या भार मोजणाऱ्या तबकड्या. खेळाडूच्या अंगावर चमकणारे छोटे गोळे चिकटवतात. ते चिकटवणारी व्यक्ती बहुधा फिजिओथेरपिस्ट असते. ती बोटांनी चाचपत घोट्याचं हाड, गुडघ्याची बाजू, कमरेचा उंचवटा शोधते. एक गोळा सेंटिमीटरभर इकडेतिकडे लागला तर गुडघ्याचा कोन चुकीचा येतो आणि पुढचं सगळं गणित वाया जातं. म्हणून ती दोनदा चाचपते, मग पेनाने खूण करते, मगच चिकटवते. खेळाडू पाच-दहा मिनिटं उड्या मारून घरी जाते. अभियंता त्या आकड्यांची सफाई करत कितीतरी तास बसतो. तिसरा माणूस संख्याशास्त्राचा. दोन-चार खेळाडूंवरून मोठे निष्कर्ष काढायला निघालेल्या सहकाऱ्यांना तो थांबवतो.

आणखी एक माणूस असतो, त्याचं नाव शोधनिबंधात शेवटी, आभारांत येतं. तो फोन करतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात १२५ फुटबॉल क्लबांतल्या १,८९२ मुली होत्या, वय १३ ते १७. काही क्लबांना सरावाआधी वीस मिनिटांचे ठरावीक व्यायाम दिले, बाकीच्यांनी नेहमीसारखा सराव केला. दुखापत झालेल्या मुलींना संशोधन-साहाय्यक फोन करून काय झालं, कसं झालं ते विचारत. कोणती मुलगी कोणत्या गटातली हे त्यांना मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. म्हणून त्या नोंदींवर भरवसा ठेवता आला. व्यायाम करणाऱ्या गटात दुखापती जवळपास एक तृतीयांशाने कमी निघाल्या, गंभीर दुखापती तर निम्म्याच्या आसपास.

मिक्लेबुस्ट यांच्या हँडबॉलच्या कामाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. त्यांनी आधी एक हंगाम काही न बदलता फक्त मोजलं. एसीएल तुटण्याच्या २९ घटना झाल्या. मग तोल सांभाळण्याचे आणि उडीवरून नीट उतरण्याचे व्यायाम क्लबांना शिकवले. पुढच्या हंगामात २३ झाल्या, त्यापुढच्यात १७. ज्या संघांनी व्यायाम नेमाने केले, त्यांना फायदा अधिक झाला. मग अभ्यास संपला, व्यायाम घेण्याची जबाबदारी प्रशिक्षकांकडे गेली, आणि दुखापती पुन्हा वाढल्या. केंद्रातल्या माणसांनी ही गोष्ट लपवली नाही, तीही छापली. प्रशिक्षकांना पुन्हा हाताशी धरून काम सुरू केलं, तेव्हा आकडे परत खाली आले. एवढ्या हुशार माणसांनी शोधलेला उपाय गावच्या प्रशिक्षकाच्या वीस मिनिटांवर टिकून असतो.

म्हणून पवनीच्या शाळेतल्या पीटीच्या सरांना मी या साखळीतलं पूर्ण माणूस धरते. नेदरलँड्सचे विलेम व्हान मेखेलेन यांनी १९९२ मध्ये दुखापत टाळण्याचा चार पायऱ्यांचा मार्ग मांडला : आधी दुखापती मोजा, मग कारण शोधा, मग उपाय करा आणि शेवटी पुन्हा मोजा. यातल्या दुसऱ्या पायरीला कॅमेरे आणि तबकड्या लागतात. पहिल्या आणि चौथ्या पायरीला रजिस्टर पुरतं. तारीख, खेळ, सराव की सामना, शरीराचा कोणता भाग, कसं झालं, किती दिवस मैदान सुटलं. एक दिवस जरी खेळ चुकला तरी दुखापत धरायची. आणि एक रकाना अजिबात विसरायचा नाही : त्या आठवड्यात मुलं एकूण किती तास खेळली. ते तास नसतील तर दहा दुखापती म्हणजे जास्त की कमी, हे सांगताच येत नाही.

विद्यापीठाने पवनीत येऊन काम करणं काही नवीन नाही. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली जगन्नाथ टेकडीचा स्तूप उजेडात आला. प्रत्येक थराची, प्रत्येक खापराची नोंद झाली, त्याचा ग्रंथ निघाला. वैनगंगेकाठची दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं आपल्याला कळली ती त्या नोंदीमुळे. आज त्याच गावात धावणाऱ्या मुलामुलींच्या हाडांची नोंद व्हावी, शारीरिक शिक्षण शिकणाऱ्या आणि फिजिओथेरपी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी मिळून हे काम हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. नागपूर फार दूर नाही.

तोवर थांबायचं कारण नाही, कारण कळलेलं पुष्कळ आहे. भरतीच्या पोरांनी अंतर आठवड्याआठवड्याने वाढवावं, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वेग मुद्दाम रोखावा. नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, उडी मारल्यावर तिथेच कळ येत असेल, तर चोळणं बंद आणि धावणंही बंद. सुरुवातीच्या दोनेक आठवड्यांत एक्स-रेमध्ये तडा दिसेलच असं नाही, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून पुन्हा रस्त्यावर उतरू नये. धावणाऱ्या मुलीची पाळी बंद झाली तर ते कष्टाचं लक्षण म्हणून सोडून देऊ नये. खाणं कमी पडतंय आणि हाडं कमजोर होतायत, असा त्याचा अर्थ असू शकतो. ही गोष्ट घरातल्या आईने आणि शाळेतल्या बाईंनी विचारायला हवी, कारण मुलगी स्वतः होऊन सांगत नाही.

कबड्डीत मातीवरून मॅटवर जाणाऱ्या संघांनी ऑस्लोच्या गटाचा २००३ चा एक निष्कर्ष लक्षात ठेवावा : जास्त पकड असलेल्या कृत्रिम फरशीवर हँडबॉल खेळणाऱ्या मुलींचे एसीएल लाकडी फरशीपेक्षा अधिक तुटले. बूट जमिनीला घट्ट धरतो, अंग वळतं, पाय वळत नाही. म्हणून मॅटवर पहिले काही दिवस वळण्याचा आणि उतरण्याचाच सराव घ्यावा. ज्याची एसीएलची शस्त्रक्रिया झाली आहे त्याला तर गावच्या रात्रीच्या सामन्यांसाठी चौथ्या महिन्यात उतरवू नये. हेगे ग्रिन्डेम आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की परतणं नऊ महिन्यांपर्यंत लांबवलं, तर लांबवलेल्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटतं.

मांडीच्या मागचा स्नायू धरण्यावरही एक बिनखर्चाचा उपाय आहे. गुडघ्यांवर ताठ उभं राहायचं, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरायचे आणि कंबर न वाकवता शरीर हळूहळू पुढे सोडायचं, शेवटी हातांवर तोल घ्यायचा. डेन्मार्कमध्ये ९४२ फुटबॉलपटूंवर हा व्यायाम करून पाहिला. २०११ मध्ये निकाल आला : नेहमीचा सराव करणाऱ्यांत या स्नायूच्या ५२ दुखापती, हा व्यायाम करणाऱ्यांत १५. पहिल्या आठवड्यात पाय खूप दुखतात, म्हणून सुरुवात पाच-पाच वेळांच्या दोन फेऱ्यांनी, आठवड्यातून एकदाच करावी आणि मग वाढवत न्यावं. घोटे धरणारा जोडीदार कबड्डीच्या मैदानावर शोधावा लागत नाही.