अन्नधान्याचा संदेश देणारी नाणी

एखाद्या व्यक्तीच्या, घटनेच्या किंवा उद्दिष्टाच्या निमित्ताने नेहमीच्या छापाऐवजी खास छाप देऊन पाडलेल्या नाण्याला स्मारक नाणे म्हणतात. स्वतंत्र भारतात अशा नाण्यांचा प्रारंभ १९६४ मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांनी झाला. परंतु देशाच्या आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलकी ठरते ती अन्नोत्पादनाविषयीची मालिका.

भूकमुक्तीचा विचार चलनाद्वारे घरोघरी पोहोचावा, या हेतूने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९६८ मध्ये नाण्यांची योजना हाती घेतली आणि अनेक देश तीत सामील झाले. भारताने १९७० मध्ये ‘सर्वांसाठी अन्न’ या विषयावर वीस पैशांचे व दहा रुपयांचे नाणे काढले. १९७३ मध्ये ‘अधिक अन्न पिकवा’ हा संदेश आला, तर १९७४ मध्ये अन्नाच्या प्रश्नाला कुटुंबनियोजनाची जोड मिळाली. पुढे १९८० मध्ये ग्रामीण स्त्रियांची प्रगती, १९८७ मध्ये छोटे शेतकरी, १९८८ मध्ये कोरडवाहू शेती आणि १९९२ मध्ये अन्न व पोषण हे विषय नाण्यांवर आले. ही नाणी कालक्रमाने मांडली, तर केवळ उत्पादनवाढीवर असलेला भर हळूहळू कष्टकऱ्यांकडे आणि पोषणाकडे कसा वळला, हे स्पष्ट दिसते.

या मालिकेत दोन स्तर आहेत. पाच पैशांपासून एक रुपयापर्यंतची नाणी बाजारातल्या व्यवहारासाठी होती, तर दहा रुपयांची आणि त्यावरील नाणी प्रामुख्याने संग्राहकांसाठी काढली जात; त्यांपैकी काही चांदीमिश्रित आहेत. घासूनपुसून चकचकीत केलेल्या साच्यांतून खास संग्राहकांसाठी पाडलेल्या नाण्यांना ‘प्रूफ’ म्हणतात. सालाखालच्या खुणेवरून टांकसाळ ओळखता येते: मुंबईची खूण चौकट, हैदराबादची तारा, तर कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. त्यामुळे एकाच विषयाचे एकाच मूल्याचे नाणेही टांकसाळीगणिक वेगळे ठरते आणि संग्रहात स्वतंत्र जागा घेते.

पाच व दहा पैशांची ॲल्युमिनियमची नाणी मऊ असल्याने लवकर झिजतात, म्हणून त्यांचे सुस्पष्ट छाप असलेले नमुने जपण्याजोगे असतात. मात्र चिंच, लिंबू किंवा पावडर लावून नाणे घासल्यास त्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा बिघडतो आणि संग्रहमूल्य घटते.

पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली असली, तरी ती लाखो रुपयांना विकली जातात असे सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. आपल्या नावाचा वापर करून जुन्या नाण्यांच्या व्यवहारात होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. अन्नविषयक मालिकेतील बहुतेक साधी नाणी मुबलक पाडली गेली असल्याने नवख्या संग्राहकालाही परवडतात, आणि त्यांचे खरे मोल बाजारभावापेक्षा त्यांनी नोंदवलेल्या धोरणांच्या इतिहासातच आहे.