पस्तीस टक्के दुखणं

सिकलसेलच्या रुग्णाचं अपंगत्व टक्क्यांत मोजतात, हे मला ऐकून माहीत होतं. पस्तीस टक्के दुखणं म्हणजे नेमकं किती, हे कळेना, म्हणून पेठला गेले.

पाड्यावरच्या एका घरात दिव्यांगांची कागदपत्रं करून देणाऱ्या ताईंनी चुलीवर टांगलेली प्लास्टिकची पिशवी उतरवली. पाऊस नि उंदीर दोन्हींपासून कागद वाचवायला तीच जागा बरी. केसपेपर, डिस्चार्ज कार्डं, रक्त चढवल्याच्या नोंदी, सगळ्याला धुराचा वास. काही रिपोर्टांची शाई इतकी उडालेली की ताईंनी ते उजेडाला धरून वाचले. ताई या कामाचे पैसे घेत नाहीत. ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो सिकलसेल असलेला विशीतला मुलगा ओट्यावर एक पाय लांब करून बसला होता.

त्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावर ३५ टक्के आहेत. संजय गांधी निराधार योजनेला किमान ४० लागतात. २०२५मध्ये दिव्यांगांचं अनुदान दीड हजारांवरून अडीच हजार झालं, पण पस्तीसवाल्याला त्यातलं काही नाही. तहसीलने अर्ज फेटाळला, त्यात तहसीलचा दोष नाही. अपील करायचं ते टक्क्यांवर. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला २१ अपंगत्वांत जागा दिली आणि कलम ५९ने प्रमाणपत्राविरुद्ध अपिलाचा हक्कही दिला. आता पाच टक्के सिद्ध करायचे.

“मावशी, मागच्या साली कितीदा ॲडमिट केला?”

“थंडी पडली का याचे पाय धरतात, ताई. तारीख कशी सांगू?”

मग ताई तारखा विचारायच्या सोडून सण विचारू लागल्या. अखातीच्या आधी की नंतर? वाघबारशीला घरी होता का? डोंगऱ्यादेवाच्या वेळी? मुलाची आई झरझर सांगत गेली: वाघबारशीला दवाखान्यात होता, डोंगऱ्यादेवाला घरीच कण्हत पडलेला. ताईंनी प्रत्येक सणापुढे इंग्रजी महिना लिहिला. त्या यादीवरून रुग्णालयाच्या जुन्या नोंदी शोधून त्यांच्या प्रती मागायच्या. हे काम इतक्या शांतपणे होताना मी कुठल्याच कचेरीत पाहिलेलं नाही.

डोंगऱ्यादेवाच्या वेळचं दुखणं मात्र यादीत कोरंच राहिलं. त्या रात्री गाडी मिळाली नाही, म्हणून केसपेपर नाही. मला यातला अन्याय सहन होत नाही. दवाखान्याजवळ राहणाऱ्याचं दुखणं कागदावर येतं. सावळघाटापलीकडच्या पाड्यावर गोधडीत सोसलेलं दुखणं झालंच नाही असं धरलं जातं. ज्याला दवाखाना दूर, त्याचंच अपंगत्व कमी भरतं. ताईंनी आशा सेविकेच्या वहीतली गोळ्या दिल्याची नोंद झेरॉक्स करून जोडली. वैद्यकीय मंडळ ती धरेल याची त्यांना खात्री नाही, तरी जोडली.

खरा भरवसा वेगळ्याच कागदावर होता. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि कधी कधी खुब्यातला मांडीच्या हाडाचा गोळा रक्तावाचून मरत जातो. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. प्रमाणपत्राच्या वेळी मुलाचा एक्स-रेच पाहिला होता, आणि तो स्वच्छ होता. नाशिकला जाऊन काढलेल्या एमआरआयमध्ये डाव्या खुब्याची झीज स्पष्ट आली. प्रमाणपत्रात रक्ताचा दोष धरला गेला, चालण्याचा राहिला.

दोन दोष असले तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. नव्वदातून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं, नव्वदने भागायचं आणि आलेलं मोठ्या आकड्यात मिळवायचं. ताईंनी जुन्या पाकिटाच्या पाठीवर गणित मांडलं. खुब्याचे दहा जरी धरले तरी पस्तिसाचे एकेचाळीस होतात. आईने तो आकडा दोनदा विचारून घेतला. मुलाने विचारला नाही. तो पूर्वी दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला जायचा. आता उकिडवं बसता येत नाही, एवढंच तो बोलला. मला ते वाक्य अर्जात हवं होतं. ताईंनी ते लिहून घेतलं, त्याच्याच शब्दांत.

पुढचं राहिलेलं काम नेहमीसारखं: प्रतींवर सही, तारखेप्रमाणे क्रमांक, अर्ज सादर, पोच.

तपासणीला मुलाला पुन्हा मंडळापुढे जावं लागेल. “त्या दिवशी दुखत नसलं तर?” आईने विचारलं. ताईंनी फाइल परत उघडली आणि एमआरआयचा रिपोर्ट अर्जाच्या लगेच खाली लावला.