निवाड्याआधीची सुनावणी

दहावीच्या विज्ञानाच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातून २०२३मध्ये उत्क्रांती आणि मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण वगळले गेले, तेव्हा देशातील शास्त्रज्ञांनी जाहीर निषेध केला. मला मात्र त्या फर्मानापेक्षा शाळांनी ते ज्या निर्विकारपणे दप्तरी दाखल करून घेतले, त्याचे वैषम्य अधिक वाटले. परंतु जो सिद्धान्त केवळ आज्ञेने शिकवला गेला, तो आज्ञेनेच काढून घेतला गेल्यास कोणी का तक्रार करावी?

मी मास्तरकी पत्करली तेव्हाचा काळ सूत्रे सांगण्याचा आणि ती उतरवून घेण्याचा; त्याविषयी लिहिण्याजोगे काही नाही. ऐंशीचे दशक मात्र निराळे. लोकविज्ञान संघटना १९८०मध्ये स्थापन झाली, १९८७मध्ये भारत जन विज्ञान जत्था देशभर फिरला, आणि त्या हवेत आमच्या तालुक्याच्या शाळेतही विज्ञानाचे न्यायालय भरू लागले. दावा पाश्चर विरुद्ध पूशे. वादविषय, निर्जीव काढ्यात जीव आपोआप उपजतो काय; पूशे म्हणे उपजतो, पाश्चर म्हणे नाही. आणि दंडक एकच, की १८६४नंतर ज्ञात झालेले कोणी बोलायचे नाही.

पाश्चरच्या वकिलाने १८६०ची हिमनदीवरची वारी सांगितली, जिथल्या निर्मळ हवेत उघडलेल्या वीस चंबूंपैकी एकच नासला. त्यावर पूशेची बाजू घेतलेली मुलगी उठली आणि तिने उलटतपासणी मांडली, की तुमचा काढा यीस्टचा, आमचा वाळल्या गवताचा. आम्हीही पिरनीजच्या बर्फाळ उंचीवर चंबू उघडले, ते सगळे नासले, त्याची वासलात काय? फ्रेंच विज्ञान अकादमीच्या समितीने कौल पाश्चरला दिला होता. आमच्या वर्गाने तो पूशेला दिला.

त्या दिवशी तपासणीस आलेल्या साहेबांनी ‘चुकीचा निष्कर्ष काढू दिला’ असा शेरा मारला. पुढच्या तासाला आम्ही १८७६ साल उघडून दावा पुन्हा चालवणार होतो, हे ऐकून घेण्याची त्यांना फुरसत नव्हती. गवतातील जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, हे फर्डिनांड कोनने त्या साली दाखवले; अर्थात पाश्चरच्या बाजूचा निवाडा खरा ठरला, परंतु ज्या पुराव्यावर तो दिला गेला तो अपुरा होता. दोन गुणांच्या उत्तरात न मावणारी ही गोष्ट मुलांना कळली, ती हरणाऱ्या पक्षाचे वकीलपत्र त्यांनी मनापासून घेतले म्हणून.

आता स्नेहसंमेलनात विज्ञाननाट्य होते. त्यात पूशे विदूषक असतो आणि टाळ्या आधीच ठरलेल्या असतात.

उत्क्रांतीचे वगळलेले प्रकरण उद्या पुन्हा छापले, तरी माझे समाधान होणार नाही. पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या विल्यम थॉमसनने १८६२मध्ये गणिताने पृथ्वीचे वय इतके थोडे ठरवले, की डार्विनला हवा तेवढा अवधीच उरेना. किरणोत्साराचा शोध लागेपर्यंत ही हरकत भक्कम होती. तिचे वकीलपत्र वर्गात कोणी घेणार नसेल, तर डार्विनचा विजय हाही एक सरकारी हुकूमच, आणि हुकूम रद्द करायला पुराव्याची गरज पडत नाही.